‘मारुतीच्या देवळासमोर’ हा पत्ता कुठल्या गावचा?

जुनं सॉफ्टवेअर एका प्रोग्रॅमिंग भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची कामं सध्या जोरात आहेत. सरकारी कार्यालयं, नगरपालिका, सहकारी बँका, पतसंस्था, सगळीकडे. पैसा तुमचा-आमचा: कुठे कराचा, कुठे ठेवीदाराचा. आणि या कामात एक अगदी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडते, जिच्याबद्दल निविदेत ओळ नसते, बैठकीत प्रश्न नसतो आणि बिल मात्र पास होतं. त्यावर ही पोस्ट. लांब आहे. तांत्रिक शब्द येतील, पण अर्थ सांगत जाईन. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनीही वाचावी, कारण फटका त्यांनाच बसतो.

आधीच मत सांगून टाकतो. “सिस्टीम नव्या भाषेत नेली, सगळं चालतंय” असं म्हणणाऱ्या कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा: जोडलेल्या स्टाइलशीट्स तुमचा प्रोग्रॅम कशा शोधतो? उत्तर “त्या सगळ्या एका फाइलमध्ये चिकटवून टाकल्या” किंवा “फोल्डरचा पूर्ण रस्ता कोडमध्येच लिहून टाकला” असं आलं, तर काम झालेलं नाही. बिल थांबवा.

आता सावकाश.

एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवण्याची एक पद्धत. प्रत्येक माहितीच्या तुकड्याला आधी-नंतर नावाची पाटी लावायची, एवढंच. तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध. टॅलीमधून माहिती बाहेर काढताना किंवा आत घेताना एक्सएमएल असतं. आधारचं ऑफलाइन ई-केवायसी तुम्हाला एक्सएमएल फाइल म्हणूनच मिळतं. ठरावीक कंपन्या आपले ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एक्सबीआरएलमध्ये भरतात, तेही एक्सएमएलच. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ पद्धतीचे संदेश वापरते, तेही एक्सएमएल. म्हणजे तुमच्या पैशाचा आणि ओळखीचा बराचसा प्रवास याच पाट्या लावलेल्या कागदावरून होतो.

हा कागद माणसाला वाचायला सोयीचा नसतो. त्याची पावती, दाखला, खातेउतारा किंवा दुसऱ्या सिस्टीमला हवी तशी फाइल बनवायला एक्सएसएलटी नावाची भाषा आहे. तिची १.० आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ ला मान्य केली. नंतर २००७ मध्ये २.० आणि २०१७ मध्ये ३.० आली, पण कार्यालयांच्या सर्व्हरवर आजही १.० भेटते आणि ती मजेत चालते. या भाषेत लिहिलेल्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात.

मोठं काम एका स्टाइलशीटमध्ये कोणी लिहीत नाही. एक मुख्य फाइल असते. ती म्हणते: तारखेचे नियम त्या फाइलमधून घे, पत्त्याचे या फाइलमधून, रकमेचे पलीकडच्या फोल्डरमधून. हे सांगायला दोन सूचना आहेत, इन्क्लूड आणि इम्पोर्ट. जोडलेल्या फाइली पुन्हा आणखी फाइली जोडतात. म्हणजे एका फाइलमागे एक झाड उभं असतं.

या झाडाच्या फांद्यांवर काय असतं ते नीट बघा, कारण मुद्दा तिथेच आहे. एक्सएसएलटी १.० मध्ये आकडा सजवून छापायची जी सोय आहे, तिचे नियम जावाच्या जुन्या आवृत्तीतून उचललेले आहेत. त्यात स्वल्पविराम सारख्याच अंतरावर पडतात. तुम्ही कितीही सांगा, बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा आकडा १,२३४,५६७ असाच येतो. १२,३४,५६७ येत नाही. म्हणून आपल्याकडच्या प्रोग्रॅमरनी लाख-कोटीचे स्वल्पविराम टाकणारे नियम स्वतः लिहिले आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. तसंच ‘अक्षरी रुपये’. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे पाढे दिले की शंभरपर्यंतचं काम भागतं. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचा शब्द वेगळा. शंभर शब्दांचा तक्ताच करावा लागतो. तोही वेगळ्या फाइलमध्ये. तालुक्यांचे संकेतांक आणि त्यांची मराठी नावं, आणखी एक फाइल.

म्हणजे मुख्य फाइल कुठल्याही देशातल्या पावतीची असू शकते. ती आपली बनते ती जोडलेल्या फाइलींमुळे. आणि सिस्टीम दुसऱ्या भाषेत नेताना नेमक्या त्याच वाऱ्यावर सोडल्या जातात.

का सोडल्या जातात? कारण पत्ता.

मुख्य फाइलमध्ये जोडलेल्या फाइलीचा पत्ता सहसा पूर्ण नसतो. “एक फोल्डर वर जा, कॉमनमध्ये शिर, तिथली रक्कम फाइल घे” असा असतो. हा सापेक्ष पत्ता. ‘मारुतीच्या देवळासमोर’ सांगावं तसा. पत्ता बरोबरच आहे, पण मारुती गावोगाव आहे. कुठल्या गावात उभं राहून बोलताय ते कळल्याशिवाय या पत्त्याला काही अर्थ नाही.

एक्सएसएलटीच्या नियमावलीत हे गाव कोणतं ते स्वच्छ लिहिलंय: ज्या फाइलमध्ये ती इन्क्लूडची ओळ आहे, त्या फाइलचा स्वतःचा पत्ता. त्याला बेस यूआरआय म्हणतात. प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून सुरू केला, याच्याशी काही संबंध नाही. झाडाच्या मुळाशी असलेल्या मुख्य फाइलशीही नाही. तिसऱ्या पातळीवरच्या फाइलमधला सापेक्ष पत्ता त्या तिसऱ्या फाइलपासून मोजायचा. बेस आणि सापेक्ष पत्ता मिळून पूर्ण पत्ता कसा बनवायचा याची पायरीवार रीतसुद्धा ठरलेली आहे, २००५ च्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजात, उदाहरणांसकट. यात कुणाचं मत, कुणाची आवड असा प्रकार नाही.

नियम एवढा स्पष्ट असताना गोंधळ कुठे होतो? प्रत्येक भाषेने हे काम आपापल्या पद्धतीने वाटून दिलंय, आणि पोर्टिंग करणारा ओळीला ओळ लावत सुटतो, तिथे.

जावाचं उदाहरण घ्या. तिथे यूआरआय-रिझॉल्व्हर नावाचा एक माणूस नेमता येतो. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगतात: सापेक्ष पत्ता हा, आणि ज्या फाइलमध्ये तो लिहिलाय तिचा बेस हा. त्याने थेट माल आणून द्यायचा. पत्ता जोडणं आणि माल आणणं, दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात.

डॉटनेटमध्ये ही दोन कामं वेगळ्या टेबलांवर आहेत. एक्सएमएल-रिझॉल्व्हरचं एक फंक्शन बेस आणि सापेक्ष पत्ता घेऊन पूर्ण पत्ता बनवतं. दुसरं फंक्शन फक्त पूर्ण पत्ता घेतं आणि फाइल आणतं. दुसऱ्या टेबलावर बेस पोचतच नाही, कारण तिथे त्याची गरजच नाही. आता जावाचं एक फंक्शन समोर ठेवून माणूस डॉटनेटमध्ये लिहायला बसला की ते सगळं कुठे ओततो? फाइल आणणाऱ्या दुसऱ्या फंक्शनमध्ये. तिथे बेस हवा असतो, तो नसतो. मग बेस म्हणून काहीतरी ठोकून दिलं जातं: प्रोग्रॅमचं फोल्डर. पहिल्या पातळीच्या फाइली नशिबाने सापडतात, चाचणी पास. तिसऱ्या पातळीची फाइल सापडत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच गावचा मारुती सापडतो. ‘कॉमन’ नावाची फाइल नाही असा प्रोजेक्ट दाखवा मला!

पायथनमध्ये एलएक्सएमएल वापरतात. त्याच्या पोटात लिबएक्सएसएलटी ही सी भाषेतली लायब्ररी आहे. तिथे पत्ता आधीच जोडला जातो आणि तयार पत्ता तुमच्या रिझॉल्व्हरकडे येतो. म्हणजे तिसरी तऱ्हा. इथे जावाची नक्कल करून पुन्हा बेस जोडत बसलात तर पत्ता दोनदा जोडला जाईल.

आणखी एक ठरलेली ठेच. स्टाइलशीट डेटाबेसमधून किंवा एखाद्या स्ट्रिंगमधून वाचली, तर ती कुठून आली हे प्रोसेसरला कसं कळणार? कळत नाहीच. जावात सिस्टीम-आयडी स्वतःहून सांगावा लागतो. एलएक्सएमएलमध्ये स्ट्रिंग वाचताना बेस-यूआरएल वेगळा द्यावा लागतो. बरं, रिझॉल्व्हरने आणून दिलेल्या प्रत्येक फाइलवरही तो लिहावा लागतो. नाही लिहिला तर ती फाइल अनाथ होते, आणि तिने पुढे जोडलेल्या फाइलींचा पत्ता कुणालाच लावता येत नाही. जावाचा प्रोग्रॅम जार फाइलमध्ये बंद केला की आणखी मजा. जारच्या आतल्या पत्त्यावर जावाच्याच यूआरआय क्लासचं पत्ते जोडणारं फंक्शन चालवलं, तर ते काही जोडतच नाही, दिलेला सापेक्ष पत्ता जसाच्या तसा परत देतं. चूक दाखवत नाही. गप्प बसतं.

त्यात विंडोजवरून लिनक्सवर जाणं आलं की उलट्या तिरप्या रेघा आणि लहान-मोठी अक्षरं. विंडोजवर कॅपिटल सी काय आणि स्मॉल सी काय, फाइल मिळते. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं आहेत.

हे सगळं शिकता येतं, आणि शिकायला काही वर्षं लागत नाहीत, दोन दिवस नीट वाचलं तरी पुरतं. माझी तक्रार न येण्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती दोन दिवस वाचवायला मारल्या जाणाऱ्या तीन पळवाटांबद्दल.

पहिली पळवाट: सगळ्या फाइली एकात चिकटवणं. वरवर बघता इन्क्लूड म्हणजे चिकटवणंच ना? नाही. जोडलेल्या फाइलीचा बेस तिच्यासोबत राहतो. दुसऱ्या फोल्डरमधली फाइल चिकटवली की तिच्यातले सगळे सापेक्ष पत्ते चुकीच्या गावातून मोजले जातात. आणि इम्पोर्टचं तर अजिबात तसं नाही. इम्पोर्ट केलेल्या नियमांचा दर्जा कमी असतो. सर्वसाधारण नियम इम्पोर्ट करायचे आणि आपला खास नियम मुख्य फाइलमध्ये लिहायचा, की दोघांत वाद झाल्यावर खास नियम जिंकतो. भाषेने मुद्दाम केलेली सोय आहे ती. एकात चिकटवलंत की दर्जा संपला, सगळे एका पंगतीत. मग तोडीस तोड असलेल्या दोन नियमांत प्रोसेसर चूक दाखवू शकतो किंवा शेवटी लिहिलेला नियम घेऊ शकतो, दोन्हीला नियमावलीत मुभा आहे. इम्पोर्टचा मजकूर खाली चिकटवला असेल तर सर्वसाधारण नियम जिंकतो. तुमच्या कार्यालयाने मुद्दाम दिवस-महिना-वर्ष असा लिहिलेला तारखेचा नियम हरतो आणि महिना-दिवस-वर्ष छापलं जातं. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? मुदत संपली की नाही, दंड लागतो की नाही, यावर ठरणार असेल तर?

एकाच नावाचे दोन नियम झाले की प्रोसेसर चूक दाखवतो. तेव्हा काय करतात माहितीये? त्यातला एक खोडतात. कुठला? जो खोडल्यावर चूक जाते तो. दोन्हींपैकी कुठलाही खोडला तरी चूक जातेच!

दुसरी पळवाट: सगळी कुलपं उघडणं. नव्या डॉटनेटमध्ये बाहेरच्या फाइली आणायला मुळातच बंदी असते. परवानगी मागून घ्यावी लागते. ही बंदी चांगली आहे, कारण स्टाइलशीटमधला पत्ता इंटरनेटवरचाही असू शकतो, किंवा सर्व्हरवरच्या भलत्याच फाइलीचा. जावानेही जेएएक्सपी १.५ पासून कुठल्या प्रकारचे पत्ते चालतील हे बांधून द्यायची सोय केली. पण पोर्टिंग करताना “बाहेरच्या पत्त्यांना मनाई आहे” असा संदेश आला की घाईतला माणूस नेटवर शोधतो, तिथली ओळ चिकटवतो आणि डॉटनेटचं ‘ट्रस्टेड-एक्सएसएलटी’ हे सेटिंग लावून मोकळा होतो. त्या एका शब्दाने दोन दारं उघडतात: दुसऱ्या फाइली वाचायचं, आणि स्टाइलशीटच्या आत लिहिलेलं कोड चालवायचं. हवं होतं पहिलंच. ते एकटं उघडायचीही सोय आहे, तिथेच, एका ओळीत. पण ते वाचायला कोण थांबतो? ज्या सर्व्हरवर लोकांचे आधार क्रमांक आणि खाती आहेत, त्या सर्व्हरची ही गोष्ट आहे.

तिसरी पळवाट सगळ्यात गुपचूप. एक्सएसएलटीमध्ये डॉक्युमेंट नावाचं फंक्शन आहे. तालुक्यांचा तक्ता किंवा शंभर शब्दांचा तक्ता वाचायला तेच वापरतात. त्यातला पत्ताही ज्या स्टाइलशीटमध्ये तो लिहिलाय तिथूनच मोजायचा. पण इथे १.० च्या नियमावलीत एक खाच आहे. फाइल मिळाली नाही तर प्रोसेसरने चूक दाखवावी, किंवा “काही मिळालं नाही” असं धरून पुढे जावं, दोन्ही चालतं. पुढे गेला तर काय होतं? पावतीवर ‘अक्षरी रुपये’ या शब्दांपुढे कोरी जागा. दाखल्यावर तालुक्याच्या जागी काहीच नाही. लॉगमध्ये चुकीची ओळ असेलच असं नाही. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काम फत्ते.

शिवाय फाइली शोधण्याच्या वेळा दोन असतात. इन्क्लूड-इम्पोर्ट स्टाइलशीट तयार होताना शोधले जातात, डॉक्युमेंट फंक्शनच्या फाइली प्रत्यक्ष रूपांतर चालताना. डॉटनेटमध्ये या दोन वेळांना रिझॉल्व्हर वेगवेगळा द्यावा लागतो. पहिल्या वेळी दिला, दुसऱ्या वेळी विसरला, की तक्ते गेले. मग ‘मनाई आहे’ हा संदेश आला की कोणीतरी तो पकडून गिळून टाकतो, म्हणजे पडद्यावर लाल काही दिसायला नको. ही ती तिसरी पळवाट. चूक दुरुस्त करण्याऐवजी तिचं तोंड बंद करायचं.

कोरी जागा म्हणजे एवढं काय, असं म्हणणाऱ्यांनी १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा बघावा. कलम १८: आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. कायद्याने ज्या ओळीला आकड्यापेक्षा वरचं स्थान दिलं, ती ओळ आपण हरवलेल्या फाइलीच्या भरवशावर सोडून दिली. पावती म्हणजे चेक नव्हे, कबूल. पण अक्षरी रक्कम लिहायची रीत आपल्याकडे खाडाखोड टाळायलाच पडली, हे कुठल्याही जुन्या कारकुनाला विचारा. कोरी जागा सोडलेली पावती घ्यायला तो तयार होणार नाही.

आता माझ्या वाट्याला आलेली एक गोष्ट. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण अशी ठिकाणं बरीच असणार. एका संस्थेची अशी सिस्टीम नव्या भाषेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या कंत्राटदाराने ‘संपूर्ण सोर्स कोड’ म्हणून जी झिप फाइल दिली होती, तिच्यात मुख्य स्टाइलशीट होती. ती ज्या अकरा फाइली जोडत होती त्यातल्या चारच सापडल्या. बाकी सातांचे पत्ते एका अशा ड्राइव्हकडे बोट दाखवत होते जो संस्थेच्या कुठल्याच मशीनवर नव्हता. कुणा प्रोग्रॅमरच्या संगणकावरचा ड्राइव्ह. विचारणा केली तर उत्तर आलं, “त्या आमच्या इंटर्नल फ्रेमवर्कच्या फाइली आहेत, त्या डिलिव्हरीत येत नाहीत.” म्हणजे संस्थेने पैसे मोजून झाडाचं खोड विकत घेतलं, फांद्या विकणाऱ्याच्या अंगणात. आणि हस्तांतराच्या कागदावर सही, शिक्का, तारीख सगळं रीतसर! सही करणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मुख्य फाइल म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅम म्हणजे ते अख्खं झाड.

आता लोक काय म्हणतील तेही माहीत आहे.

“ही किरकोळ टेक्निकल बाब आहे.” महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. तालुक्याची जागा कोरी असलेला दाखला मुदतीत मिळाला, तर रजिस्टरमध्ये ‘सेवा दिली’ अशी नोंद होणार. तो दाखला पुढच्या खिडकीवर नाकारला गेला की बाई पुन्हा अर्धा दिवस मजुरी बुडवून एसटीने येणार. तिच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे का? आणि तिने कुणाकडे तक्रार करायची, बेस यूआरआयकडे?

“आता एक्सएमएल कोण वापरतं, सगळं जेसन झालंय.” नव्या कामांत बरंच झालंय, मान्य. पण वर दिलेली यादी पुन्हा वाचा. आणि उलट बाजूने बघा: २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरच्या गटाने एक्सएसएलटीचा आधार काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. त्याच वर्षी लिबएक्सएसएलटीची देखभाल करणाऱ्या माणसाने ती जबाबदारी सोडली. म्हणजे जिथे जिथे ब्राउझर हे रूपांतर करून दाखवत होता, तिथलं काम आता सर्व्हरवर, दुसऱ्या भाषेत न्यावं लागणार. पोर्टिंगची कामं संपत नाहीयेत, वाढणार आहेत. निविदा निघणार आहेत. म्हणूनच आत्ता बोलतोय.

“एआयला सांगू, तो करून देईल.” देईल की. एका भाषेतलं फंक्शन दुसऱ्या भाषेत फार छान लिहून देईल. पण ज्या सात फाइली त्याला दाखवल्याच नाहीत त्या तो कुठून आणणार? अंदाजाने लिहील. लाख-कोटीचा नियम अंदाजाने, पंच्याहत्तर-शहात्तर अंदाजाने. आणि अंदाजाने लिहिलेलं इतकं नीटनेटकं दिसेल की तपासायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

“कंत्राटदार मोठा आहे, त्याला कळतं.” कळत असेल तर लिहून द्यायला हरकत काय?

तर मग लिहून काय घ्यायचं? पाच गोष्टी. कुठल्याही निविदेत एका पानात बसतात.

१. जोडलेल्या सगळ्या फाइलींची यादी, झाडाच्या रूपात. कुठल्या फाइलमध्ये कुठली जोडली, इन्क्लूड की इम्पोर्ट, आणि डॉक्युमेंट फंक्शनने वाचलेले तक्तेही. यादीतली प्रत्येक फाइल हस्तांतरात असलीच पाहिजे. ‘इंटर्नल फ्रेमवर्क’ ही सबब चालणार नाही.

२. पत्ता शोधण्याचा नियम एकाच जागी लिहिलेला असावा आणि तो बेस यूआरआयनेच चालावा. कोडमध्ये ड्राइव्हचं नाव किंवा पूर्ण रस्ता सापडला तर काम परत. फाइली चिकटवून एक करायच्या नाहीत. झाड जसं आहे तसं न्यायचं.

३. रिझॉल्व्हरने ठरवून दिलेल्या फोल्डरच्या बाहेर जायचं नाही. इंटरनेट बंद. स्टाइलशीटच्या आतलं कोड चालवणं बंद. चाचणी नेटची वायर काढून करायची, तेही कार्यालयाच्या माणसासमोर.

४. फाइल मिळाली नाही तर प्रोग्रॅम थांबला पाहिजे आणि फाइलचं नाव ओरडून सांगितलं पाहिजे. कोरी जागा छापून पुढे जाणं हा गुन्हा समजायचा. नुसतं शब्दांत नको. चाचणीत एक तक्ता मुद्दाम लपवून ठेवा आणि पावती छापायला सांगा. छापली गेली तर नापास.

५. जुन्या आणि नव्या सिस्टीमचं आउटपुट ओळीला ओळ ताडून बघायचं. दहा निवडक नमुन्यांवर नाही, खऱ्या कागदांच्या मोठ्या गठ्ठ्यावर. त्यात एक कोटीच्या वरची रक्कम हवी, एकोणीस-एकोणतीस-एकोणसाठवाल्या रकमा हव्यात, बारा तारखेच्या आतले दिवस हवेत, आणि प्रत्येक तालुका हवा. फरक दिसला तर कारण लिहून द्यायचं.

यातली एकही अट महाग नाही. पहिली तर फुकट आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरबद्दल आणि सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करून तो पुन्हा वापरण्याबद्दल धोरणं जाहीर केली आहेत. म्हणजे दिशा वरून ठरलेली आहे. खाली, हस्तांतराच्या टेबलावर, झिप उघडून फाइली मोजणारा माणूस नाही, एवढीच उणीव आहे.

आणि त्या माणसाला प्रोग्रॅमिंग यायलाच पाहिजे असंही नाही. मालाची पोच घेताना चलनावरचे नग आणि टेम्पोतले नग मोजणारा गोदामवाला असतो ना, तेवढीच अक्कल लागते. चलनावर अकरा, टेम्पोत चार, तर सही करायची नाही.

माझ्या यादीत जे इंजिनिअर मित्र आहेत, पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपूरला आणि परदेशातही, त्यांना एक सांगणं. डेडलाइन तुमच्या डोक्यावर असते हे मला कळतं. पण “चालतंय ना” म्हणून चिकटवलेली फाइल पाच वर्षांनी दुसरा कुणीतरी उघडतो, आणि तोवर मूळ झाड कुठेच शिल्लक नसतं. चुकीचा पत्ता ठोकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ बरोबर पत्ता लिहायला लागतो. दुप्पटच. दहापट नाही.

आणि जे नगरसेवक, संचालक, लेखापरीक्षक ही पोस्ट वाचताहेत त्यांना: पुढच्या बैठकीत ‘सॉफ्टवेअर स्थलांतर’ असा विषय आला की तंत्रज्ञानावर भाषण ऐकत बसू नका. जोडलेल्या फाइलींची यादी मागा. यादी आली तर शांतपणे पुढचा विषय घ्या. “ती आमच्याकडे नाही” असं उत्तर आलं, तर त्या दिवशीचा खरा विषय तोच आहे आणि तो तिथेच इतिवृत्तात लिहून घ्या.